देठ, शीर आणि कोश : वनस्पती व कीटक यांची सामाईक परिभाषा



इंदूरच्या भंवरकुआं या वस्तीचे नाव आज उच्चारले की शिकवणी-वर्गांच्या पाट्या आणि त्यांखालून लगबगीने जाणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. नावाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः 'भंवर' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. हिंदीत तो पाण्यातल्या भोवऱ्याला लावतात आणि भुंग्यालाही. दोहोंच्या मुळाशी संस्कृतातला 'भ्रमर' आहे आणि त्याच्याही मागे 'भ्रम्' म्हणजे फिरणे हा धातू आहे. मराठीने याच कुळातला 'भोवरा' घेतला आणि तो नदीच्या पाण्याला दिला, पोरांच्या हातातल्या जाळीच्या खेळण्याला दिला, डोक्यावरच्या केसांच्या वळणालाही दिला. पाणी, लाकूड, केस आणि कीटक यांचे एकमेकांशी काही नाते नाही. पण पाहणाऱ्याला चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसली, गोल फिरणे, आणि त्याने एकाच शब्दावर काम भागवले.

शास्त्राच्या परिभाषेतही असेच घडते, याची फारशी वाच्यता मात्र होत नाही. याच भंवरकुआं भागात होळकर विज्ञान महाविद्यालय आहे. १८९१ साली होळकर संस्थानात स्थापन झालेल्या या संस्थेत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन्ही विषय शिकवले जातात. तेथला विद्यार्थी सकाळी फुलाचे भाग शिकतो आणि दुपारी मुंगीचे. दोन्ही वह्यांत त्याला 'पेटिओल' हा शब्द भेटतो. 'पेडिसेल', 'स्केप', 'स्टिग्मा', 'गॅलिया', 'लिग्युला' आणि 'ट्रॅकिया' हेही दोन्हीकडे भेटतात. झाडाचा आणि झुरळाचा शब्दसंग्रह एक कसा, असा प्रश्न त्याला पडतो की नाही कोण जाणे. परीक्षेत तो विचारला जात नाही, एवढे खरे.

पेटिओलपासूनच सुरुवात करावी. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लहानसा पाय. वनस्पतिशास्त्रात तो पानाचा देठ झाला, म्हणजे पानाचे पाते खोडाशी जोडणारी बारीक दांडी. कीटकशास्त्रात तो मुंगी, गांधीलमाशी यांच्या शरीरातला कमरेसारखा निमुळता भाग झाला. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण पाहिली असेल, तर हे साम्य वेगळे सांगावयास नको. तिचे पोट एका लांब काळ्या दोऱ्याच्या टोकाला लोंबकळत असल्यासारखे दिसते. मुंग्यांत या देठावर एक किंवा दोन गाठी असतात आणि त्यांवरून मुंग्यांचे मोठे गट ओळखता येतात. अंगणातल्या मोठ्या काळ्या मुंगळ्याला एक गाठ असते, साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या तांबड्या बारीक मुंगीला बहुधा दोन. साधे भिंग पुरते, मात्र मुंगी स्थिर राहिली पाहिजे.

या भागाला सरळ 'कंबर' का म्हणू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की हा भाग छाती आणि पोट यांच्या मधोमध आहे असे केवळ दिसते. या कीटकांत पोटाचा पहिला खंड छातीला जाऊन चिकटलेला असतो आणि देठ बनतो तो पोटाच्याच दुसऱ्या खंडाचा. 'कंबर' म्हटले की माणसाच्या शरीराची रचना मनात येते आणि ती येथे लागू पडत नाही. 'देठ' म्हटले की फक्त आकार आणि काम सांगितले जाते : बारीक आहे, दोन भागांना जोडते, वाकू देते. शिवाय देठ हा शब्द प्राण्याच्या शरीराला मराठीत परका नाही. बेंबीच्या देठापासून ओरडणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, तशी माळव्यातल्या मराठी घरांतही आहेत.

पेडिसेल आणि स्केप ही जोडी त्याहून गमतीची आहे. फुलझाडात पेडिसेल म्हणजे एकेका फुलाचा देठ. स्केप म्हणजे जमिनीतून थेट वर येणारा, पाने नसलेला फुलांचा दांडा. कांद्याला येणारा पोकळ दांडा, ज्याच्या टोकाशी पांढऱ्या फुलांचा गोंडा असतो, तो याचे घरगुती उदाहरण. कीटकाच्या मिशीत स्केप म्हणजे डोक्याला जोडलेला पहिला खंड आणि पेडिसेल म्हणजे त्यापुढचा दुसरा. मुंगीच्या मिशीला कोपरासारखा बाक असतो, तो लांब स्केप संपल्यावर येतो. डासाच्या मिशीतला पेडिसेल कांद्यासारखा फुगीर असतो आणि त्यात त्याचे कान असतात. मादीच्या पंखांची गुणगुण नर डास तेथून ऐकतो. एकच शब्द एकीकडे फूल तोलून धरतो, दुसरीकडे नाद टिपतो.

येथे एका चकव्याचा उल्लेख करणे योग्य होईल. कांद्याच्या याच दांड्याला शेतकरी डेंगळा म्हणतात, कोठे डोंगळा म्हणतात. मोठ्या काळ्या मुंगीलाही मराठीत डोंगळाच म्हणतात. मुंगी आणि फुलदांडा यांचा एक शब्द सापडला म्हणून हर्ष होतो, पण तो आवरावा लागतो. ध्वनी एक आहे एवढ्यावरून कल्पना एक ठरत नाही. 'भोवरा' या शब्दात जोडणारा धागा दाखवता येतो, 'डोंगळा' या शब्दात तो हाती लागत नाही. सामाईक शब्दांचा विचार करणाऱ्याने हा भेद सतत जवळ बाळगावा.

हे शब्द दोन शास्त्रांत गेले कसे? ही दोन शास्त्रे पूर्वी वेगळी नव्हतीच. ज्या लिनीयसने १७५३ साली वनस्पतींची नामावली सिद्ध केली, त्यानेच १७५८ साली प्राण्यांची केली. पाने पाहणारे आणि पंख पाहणारे डोळे तेच होते आणि लॅटिनचे भांडारही तेच. पुढे इंग्लंडात विल्यम कर्बी या धर्मोपदेशकाने विल्यम स्पेन्ससह १८१५ ते १८२६ या काळात कीटकशास्त्राचा चार खंडांचा ग्रंथ लिहिला आणि कीटकाच्या अवयवांची इंग्रजी परिभाषा बरीचशी स्थिरावली. परंतु या साऱ्या हकिकतीत सर्वांत उद्बोधक माणूस त्यांच्याही आधीचा आहे.

मार्चेल्लो मालपिगी (१६२८–१६९४) हा इटलीतल्या बोलोन्याचा वैद्य. सूक्ष्मदर्शक नवा होता आणि मालपिगी त्याखाली हाताला येईल ते ठेवीत असे. १६६९ साली त्याचा रेशमाच्या किड्यावरचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. किड्याला फुप्फुसे नाहीत, त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे आहेत आणि त्यांतून आत गेलेल्या नळ्यांच्या फांद्या-उपफांद्या सर्व शरीरभर हवा पोचवतात, हे त्याने दाखवले. या नळ्यांना त्याने 'ट्रॅकिया' म्हटले. हा माणसाच्या श्वासनलिकेचा शब्द आणि त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'खरबरीत'. नंतर १६७५ आणि १६७९ साली त्याचे वनस्पतींच्या रचनेवरचे दोन भाग प्रसिद्ध झाले. वनस्पतीच्या खोडात त्याला पुन्हा नळ्या दिसल्या, आणि त्यांच्या भिंतींत स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा धागा दिसला. किड्याच्या नळ्यांतही त्याने अगदी तसाच धागा पाहिला होता. त्याने निष्कर्ष काढला की झाडेही या नळ्यांनी श्वास घेतात, आणि त्यांनाही 'ट्रॅकिया' हेच नाव दिले.

निष्कर्ष चुकीचा होता. त्या नळ्यांतून मुळांकडून पानांकडे पाणी चढते. पण नाव पडले ते पडले. आजही वनस्पतिशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत 'ट्रॅकिड' हा शब्द आहे आणि त्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीची चूक जपून ठेवलेली आहे.

तथापि मालपिगीला हसण्याची घाई करू नये. त्याची समजूत चुकली, डोळे चुकले नाहीत. किड्याच्या श्वासनळीत वेटोळे का असतात? नळी दबून बंद होऊ नये म्हणून. झाडाच्या जलवाहिनीत ते का असतात? पाणी वर ओढले जाताना आत ताण निर्माण होतो आणि त्या ताणाने नळीच्या भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात, त्या मिटू नयेत म्हणून. आत हवा असो की पाणी, बारीक नळी उघडी ठेवण्याची अडचण दोघांपुढे सारखीच, आणि दोघांनी तिचा उपायही सारखाच शोधला. घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या नळीत तारेची वेटोळी घालणाऱ्या कारागिराने तिसऱ्यांदा तेच केले आहे.

हा धागा पाहावयास सूक्ष्मदर्शकही लागत नाही. इंदूरच्या भाजीबाजारात कमलककडी मिळते. ती मोडून दोन तुकडे हळूहळू दूर करावेत. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम तंतू ताणले जातात. ते जलवाहिन्यांच्या भिंतींतले उलगडलेले वेटोळेच होत. संस्कृत कवींचे बिसतंतू, मृणालतंतू ते हेच. ज्या धाग्याने मालपिगीला चकवले, तो धागा आपल्याकडे काव्यात हजारदा येऊन गेला. त्याचा शास्त्राशी संबंध जोडण्याचे मात्र राहून गेले.

मराठी परिभाषेने या ठिकाणी काय केले? कीटकाची ती श्वासनलिका, आणि झाडातल्या नळ्यांना शालेय पुस्तकांत वाहिनी, वाहिनिका. म्हणजे मालपिगीची चूक मराठीत आलीच नाही. ज्यांनी हे शब्द योजले त्यांनी लॅटिन शब्दाऐवजी त्याच्या मागचे कार्य पाहिले आणि दोन कार्यांना दोन शब्द दिले. इंग्रजीपेक्षा येथे मराठी सरस आहे असे निःशंकपणे म्हणावे.

'स्टिग्मा'ची कथा इतकी सुखाची नाही. ग्रीकमध्ये स्टिग्मा म्हणजे टोचून किंवा डागून केलेली खूण. फुलात स्त्रीकेसराच्या ज्या टोकावर पराग येऊन बसतात ते टोक म्हणजे स्टिग्मा. चतुराच्या पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ जो गडद ठिपका असतो तोही स्टिग्मा. हा ठिपका नुसता शोभेचा नाही, त्याच्या वजनाने तरंगताना पंखाची थरथर आवरते. जुन्या पुस्तकांत तर कीटकाच्या श्वासरंध्रांनाही स्टिग्माच म्हटलेले आढळते. या तिघांत समान काय? लांबून पाहता ठिपका दिसतो, एवढेच. कार्य वेगळे, घडण वेगळी. येथे शब्द वेगळे करणे भागच होते.

ते वेगळे झाले, पण किती झाले! महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकात फुलाच्या या टोकाला 'कुक्षी' म्हणतात. मराठी विश्वकोशात 'किंजल्क'. मध्य प्रदेशातल्या हिंदी पुस्तकात 'वर्तिकाग्र'. कुक्षी म्हणजे संस्कृतात पोट, उदर. टोकाला पोट म्हणण्याचे कारण समजणे कठीण आहे. हा शब्द खालच्या फुगीर अंडाशयाला अधिक शोभला असता. किंजल्क कानाला गोड आहे, पण संस्कृतात तो कमळाच्या केसराचा, तंतूचा शब्द, तो तेथून उचलून स्त्रीकेसराच्या टोकावर बसवावा लागला. 'वर्तिका' म्हणजे वात आणि वर्तिकाग्र म्हणजे वातीचे टोक. समईत वात पाहिलेल्या कोणालाही हा शब्द चित्रासह समजतो. मराठीच्या अभिमान्यांना रुचो न रुचो, तिघांत हिंदी शब्द उजवा आहे.

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाची अडचण येथे ध्यानात येते. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, परीक्षेपुरते लॅटिन. पुण्याच्या मावसभावाचे पुस्तक उघडले तर त्यात चौथाच शब्द. एका फुलाच्या एका टोकासाठी त्याने किती नावे सांभाळावीत? डॉ. रघुवीरांनी नागपुरात बसून सर्व भारतीय भाषांना एकच संस्कृतोद्भव परिभाषा देण्याचा खटाटोप केला, तो हीच अडचण ओळखून. त्यांच्या शब्दांची पुढे पुष्कळ चेष्टा झाली. पण १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय निघाले आणि १९६१ साली दिल्लीत वैज्ञानिक शब्दावलीचा आयोग स्थापन झाला, आणि दोन वाटा दोन दिशांनी गेल्या. त्या फुटल्याची किंमत सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी माणसाने मोजली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत इंग्रजी संज्ञा बव्हंशी तशाच ठेवून देवनागरीत लिहिल्या आहेत. वाद मिटवण्याचा हा एक मार्ग आहे खरा. मात्र त्याने शब्दाचा उच्चार हाती येतो, चित्र हाती येत नाही.

चित्र येते ते घरातल्या शब्दांतून. 'शीर' हा शब्द घ्यावा. विडा लावताना पानाच्या शिरा काढतात, हातावरच्या शिरा उन्हाळ्यात फुगतात, आणि माशीच्या पारदर्शक पंखात ज्या रेषा दिसतात त्याही शिराच. पानाच्या शिरेतून पाणी आणि अन्नरस वाहतो. पंखाच्या शिरेत कीटकाचे रक्तद्रव असते, बारीक श्वासनळी आणि मज्जातंतूही असतात. शिवाय दोन्हीकडे शिरा पातळ पडद्याला ताठ ठेवणारा सांगाडा होतात. इंग्रजीतही येथे एकच शब्द आहे आणि मराठीतही. तो टिकला, कारण कोणत्याही समितीला तो नव्याने घडवावा लागला नाही.

'मिशी'चेही तसेच आहे. झुरळाच्या मिशा सर्वांना ठाऊक आहेत. शास्त्रात त्यांना शृंगिका म्हणतात, म्हणजे लहान शिंगे. त्या स्पर्श करतात, गंध घेतात, शिंगाचे कोणतेही काम करीत नाहीत. मिशी हाच शब्द प्रत्यक्षाला अधिक जवळचा, कारण मांजराच्या मिशाही चाचपण्यासाठीच असतात. आणि मक्याच्या कणसाला जे मऊ धागे असतात, त्यांना कोणी केस म्हणतो, कोणी मिशा. त्यांतला प्रत्येक धागा एकेका दाण्यापासून निघतो आणि वाऱ्याने आलेला पराग टिपतो. कुक्षी, किंजल्क, वर्तिकाग्र यांवर ज्याचा काथ्याकूट झाला तो अवयव हाच. ज्या धाग्याला पराग मिळत नाही, त्याच्या मुळाशी दाणा भरत नाही. अधूनमधून दाणे नसलेले कणीस हाती येते त्याचे एक कारण हेच.

झाड आणि कीटक यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याला इंदूरमध्येच एका मोठ्या माणसाने आक्षेप घेतला होता. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत येथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांची कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. १९३१ साली ती ज्या पुस्तकातून प्रसिद्ध झाली, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. नावावर इंदूरचा शिक्का असलेली ही पद्धत आज इंदूरमध्ये किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. हॉवर्ड यांचे म्हणणे असे होते की पीक, माती, कीड आणि बुरशी यांचे तज्ज्ञ आपापल्या तुकड्यात कोंडून घेतात, म्हणून कोणालाच शेत दिसत नाही. पिकावर कीड पडते ती पीक नीट वाढत नाही हे सांगावयास, म्हणून तिला मारण्याआधी तिचे म्हणणे समजून घ्यावे. सर्वच किडींना हा नियम लागू पडेल असे आजचे शास्त्र मानणार नाही. पण ज्याला पान आणि अळी एकत्र पाहावयाची आहेत, त्याला दोघांसाठी चालणारे शब्द हवेत, हे त्यातून ओघानेच येते.

उरतात गॅलिया आणि लिग्युला. गॅलिया म्हणजे शिरस्त्राण. बचनागाच्या फुलावरचे टोपीसारखे निदल ही गॅलिया, आणि फुलपाखराची सोंड ज्या दोन पन्हळींच्या जोडणीतून होते त्या पन्हळीही गॅलियाच. लिग्युला म्हणजे जिभली. ती ज्वारीच्या पानात पाते आणि खोडाला वेढणारा भाग यांच्या सांध्यावर असते, आणि कीटकाच्या खालच्या ओठातही. जिभली म्हटले तर दोन्हीकडे भागते.

शेवटी एक शब्द असा, की ज्यात या ग्रंथालयाचाही वाटा आहे : कोश. फुलातला पराग परागकोशात असतो. अळी प्रौढ होण्याआधी कोशात जाते. रेशीम मिळते ते कोशापासून. आणि कपाटात उभे असतात तेही कोश : दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, त्यांचाच शास्त्रीय परिभाषा कोश, विश्वकोशाचे खंड. संस्कृतात 'कोशकार' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, शब्दकोश रचणारा आणि रेशमाचा किडा. दोघेही स्वतःभोवती धागा गुंडाळीत बसतात, आणि किड्याचा धागा वापरात यावयाचा तर कोश उकळत्या पाण्यात टाकून उलगडावा लागतो. परिभाषेच्या कोशांवर बहुतेक ग्रंथालयांत 'केवळ संदर्भासाठी' असा शिक्का असतो आणि ते घरी नेता येत नाहीत. निदान भंवरकुआंच्या वर्गांतून परतणाऱ्या मुलांसाठी तो शिक्का कार्यकारिणीने काही दिवस बाजूला ठेवून पाहावा. आषाढ-श्रावणात इंदूरच्या घराघरांत भुट्ट्याचा कीस होतो. आजी कणसे सोलून धागे ओढून काढीत असताना, कोशातल्या तीन शब्दांपैकी कोणता या धाग्याला बसतो, हे त्या मुलाला तिच्याशेजारी बसूनच ठरवता येईल.